थंड लाल

कातेल्लो मास्तरांना खरं पोवळं लांबून ओळखता येतं, असं नेपल्सजवळच्या आमच्या तोर्रे देल ग्रेकोत सगळे म्हणत. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणाला आठवत नसे. मास्तर स्वतःच म्हणाले असतील, असा संशय घेण्याइतके आम्ही उद्धट नव्हतो.

बंदरामागच्या गल्लीत काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरून गेलं की डाव्या हाताला त्यांचं दुकान. दुकान म्हणायचं एवढंच. तिथे काही विकलं जात नसे. उत्तरेला तोंड केलेली खिडकी, तिच्याखाली लांब टेबल, टेबलावर पांढरं कापड आणि कापडापाशी मास्तर. व्यापारी पोवळ्यांच्या पिशव्या घेऊन यायचे, कापडावर ओतायचे आणि बाहेर पायरीवर जाऊन उभे राहायचे, आत डॉक्टर तपासत असले की नातेवाईक उभे राहतात तसे. मास्तर एकेक मणी उचलायचे. दर्यातला असेल तो उजवीकडे. रंगवलेला असेल तो टेबलाच्या कडेवरच्या वाटीत. वाटीत पडलेल्या मण्याला अपील नव्हतं. तो मग यात्रेत प्लॅस्टिकच्या जपमाळांशेजारी विकला जायचा.

मास्तर हे नुसत्या डोळ्यांनी करत नसत. खिडकीशेजारी, मादोन्ना मातेच्या तसबिरीखाली, खिळ्यावर एक माळ टांगलेली होती. त्यांच्या आजोबांनी ओवलेली. एका टोकाला कोवळा गुलाबी मणी, मग गडद होत होत दुसऱ्या टोकाला बैलाच्या रक्तासारखा. तिला सगळे ‘थोरली’ म्हणत. नवा मणी थोरलीला लावून बघायचा. तिच्यात त्याचा भाऊ सापडला तर तो दर्याचा, नाही सापडला तर कुणाच्या तरी मोरीतला.

पोवळ्याला रंग कुठून येतो याबद्दल मास्तरांचं मत ठरलेलं होतं. आमच्या डोक्यावरचा ज्वालामुखी डोंगर.

“डोंगराचं लोखंड दर्यात उतरतं,” ते सांगायचे, “पोवळं ते पितं आणि लाल होतं. लोखंडाच्या लालाला ऊब असते. माणसाने लावलेला लाल थंड असतो. सांगून कळत नाही, बघावं लागतं.”

या डोंगराने आमची घरं इतक्यांदा गाडली आहेत, की त्याच्याकडून काहीतरी भरपाई मिळतेय हे ऐकायला आम्हाला बरं वाटे. आता पोवळी येत होती सार्दिनियाहून, बरीचशी जपानहून. पण जपानच्या दर्यात आमच्या डोंगराचं लोखंड कसं पोचलं, हे मास्तरांना कुणी विचारलं नाही. श्रद्धेला नकाशा दाखवू नये.

विचारणारं माणूस मास्तरांनी स्वतःच्याच घरात वाढवलं. एर्सिलिया, एकुलती एक. ती नेपल्सला विद्यापीठात, प्रयोगशाळेत होती. तिचं काम नेमकं हेच: पोवळ्याला, शिंपल्याला, मोत्याला नैसर्गिक रंग देणारा पदार्थ कोणता, ते शोधायचं. तिची आई मिकेलिना गल्लीत सांगायची, “हिरव्या दिव्यांचं काहीतरी करते.” एवढ्या शिक्षणानंतर मुलगी दिव्यांचं करते म्हणून गल्लीला तिची दया यायची, आणि अजून लग्न नाही म्हणून जरा जास्त.

रविवारच्या जेवणाला बापलेकींचं ठरलेलं भांडण असे.

“बाबा, लोखंड नाही ते. आत लोखंड सापडतं ते इतकं कमी, की त्याने एक टाचणी गंजायची नाही. रंग त्या जिवाचा स्वतःचा आहे. लांब साखळीसारखा पदार्थ असतो. गाजर, टोमॅटो, अंड्याचा बलक, यांच्या रंगाच्या भाऊबंदांतला.”

“गाजर,” मास्तर म्हणायचे.

“भाऊबंद म्हटलं मी. तेही चुलत.”

“मिकेलिना, ऐकलंस? आपल्या लग्नात माझ्या आईने तुझ्या गळ्यात गाजरं बांधली होती.”

“आणखी शेवया वाढू का?” मिकेलिना विचारायची.

“आणि कुठला पदार्थ गं नक्की? नाव काय त्याचं?”

“त्यावर अजून वाद आहेत. काहीजण म्हणतात…”

“म्हणजे तुम्हालाच माहीत नाही.”

“लोखंड नाही, एवढं माहीत आहे.”

“मला लोखंड आहे एवढं माहीत आहे. माझं तुझ्यापेक्षा जास्तच भरलं.”

असं चाललं होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग एर्सिलियाचं लग्न ठरलं, आणि रंग हा बोलायचा विषय राहिला नाही.

मुलगा सावेरिओ. बेटांवर जाणाऱ्या बोटीत इंजिन सांभाळायचा. बोलायचा कमी, कारण इंजिनापुढे बोलून उपयोग नसतो हे त्याला नोकरीने शिकवलं होतं. घरी तर इंजिनाहून मोठा आवाज होता: त्याची आई ओलिंपिया. बाजाराच्या तोंडाशी तिची गाडी. डुकराचे पाय आणि वासराची नाकाडं उकडून, गार करून, बारीक कापून, वर लिंबू पिळून आणि पोकळ शिंगातून मीठ भुरभुरवून ती कागदावर द्यायची. गावात असा माणूस नव्हता ज्याने तिच्या गाडीशी उभं राहून खाल्लं नाही आणि शिव्याही खाल्ल्या नाहीत.

आमच्याकडे रीत अशी, की लग्न पक्कं करताना मुलाच्या आईने घरातली पोवळ्याची माळ आणायची आणि स्वतःच्या हाताने सुनेच्या गळ्यात घालायची. त्याआधी मुलीच्या बापाने ती माळ उजेडात न्यायची, बघायची आणि म्हणायचं, “दर्याची आहे.” मग टाळ्या, मग बदामाची मिठाई. कुणी बघत बिघत नाही. एका आंधळ्या बापानेही हे चोख केलेलं मला माहीत आहे.

पण हे मास्तरांचं घर होतं. त्या रविवारी त्यांनी थोरली मुद्दाम खालच्या दुकानातून वर घरात आणून सज्जाच्या दाराशी टांगली होती. लग्नाच्या बोलणीला घरातलं वडीलधारं कुणी असावं, म्हणून.

ओलिंपियाने डबी उघडली. माळ भरघोस होती, जुन्या घाटाची, मणी हाताने कातलेले, एकसारखे नसलेले. मास्तरांनी ती दोन्ही हातांवर घेतली आणि सज्जात गेले. थोरलीला लावली. उलटली. पुन्हा लावली. आत मंडळी हसायचं तोंड करून बसली होती आणि ते तोंड हळूहळू दुखायला लागलं होतं. सावेरिओने कपातली कॉफी संपवली आणि रिकामा कप आणखी दोनदा प्यायला.

मास्तर आत आले. “थंड आहे,” म्हणाले.

“दुसरी करून आणते,” म्हणत मिकेलिना उठली.

“कॉफी नाही. बस तू. विहीणबाई, मनाला लावून घेऊ नका. तुमचा काही दोष नाही. तुम्हाला कुणीतरी फसवलंय. हा लाल थंड आहे. रंगवलेला.”

ओलिंपियाने हातातला कप खाली ठेवला. ज्यांना ती ठाऊक होती त्यांनी खुर्च्या मागे घेतल्या.

“मास्तर, ही माझ्या सासऱ्यांनी स्वतः काढली. सार्दिनियाच्या दर्यातून. पोवळ्याच्या होडीवर होते ते. मजुरीऐवजी पोवळं मागून घ्यायचे, बायकोसाठी. होडीच्या दोरखंडात त्यांची दोन बोटं राहिली.”

“बोटं खरी असतील,” मास्तर म्हणाले.

एर्सिलिया म्हणाली, “बाबा!” पण उशीर झाला होता. ओलिंपियाने माळ त्यांच्या हातातून काढून घेतली, डबीत ठेवली, डबी पिशवीत ठेवली आणि पिशवी काखेत मारली.

“तुमच्या मुलीत खोट नाही, ते मी मघाच सांगितलं असतं, पण तुम्हाला खोट शोधायची घाई. ऐका आता. माझ्या मेलेल्या सासऱ्याला ज्या घरात चोर ठरवलं तिथे मी सोयरीक करणार नाही. तुम्ही माझ्या गाडीशी यायचं. दुपारचं. गिऱ्हाइकं असताना. आणि हे शब्द गिळायचे. लिंबू माझ्याकडे आहे.”

“आई, माळेशिवाय करू की लग्न,” सावेरिओ म्हणाला. वर्षभरातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य असेल.

“मलाही चालेल,” एर्सिलिया म्हणाली.

“मला चालणार नाही,” ओलिंपिया म्हणाली, आणि मास्तरही त्याच वेळी तेच म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावर.

गल्लीत भिंती आहेत त्या फक्त संतांच्या तसबिरी टांगायला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं होतं. लग्न नाताळ संपल्यावर जानेवारीत व्हायचं होतं, चर्चची तारीख घेतलेली होती. ते आता मास्तरांच्या जिभेवर अडकून बसलं.

एर्सिलियाने मधला मार्ग काढला. तो सगळ्यांना पटेल असं तिला वाटलं, यावरून ती किती शिकली होती ते कळतं. तिच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. मण्यावर हिरव्या उजेडाचा बारीक ठिपका टाकायचा. परत येणारा उजेड थोडा बदललेला असतो, आणि तो कसा बदललाय त्यावरून आतला रंग कोण ते कळतं. पडद्यावर रेघ उमटते, तिला शिखरं असतात, आणि प्रत्येक रंगाची शिखरं आपापल्या जागी. मणी ना कापायचा, ना उगाळायचा. दर्याचा असेल तर दर्याचा दिसेल, रंगवलेला असेल तर रंगवलेला.

ती ओलिंपियाकडे गेली. ओलिंपियाने ऐकून घेतलं, सुरी पुसली.

“पोरी, माझी माळ दवाखान्यात जाणार नाही. ती आजारी नाही. तुझ्या बापाला ने.”

बाप मात्र आनंदाने तयार झाला. “थोरलीला घेऊन जाऊ. खरं कसं दिसतं ते आधी तुझ्या यंत्राला शिकवू. मग त्याला सगळ्या गावाची पोवळी दाखव. मीही जरा मोकळा होईन.”

मास्तरांनी लग्नाचा कोट घातला, थोरली आतल्या खिशात ठेवली आणि नेपल्सच्या गाडीत पूर्ण वेळ छातीवर हात ठेवून बसले. समोरच्या बाईने त्यांना हृदयविकार आहे समजून पाणी दिलं. प्रयोगशाळेत ते यंत्राजवळच्या स्टुलावर बसले. हिरवा ठिपका मण्यावर पडला तेव्हा त्यांनी विचारलं, “झिजत नाही ना काही?”

“नाही बाबा. नुसतं बघतंय ते.”

“बघण्यानेच झिजतं,” मास्तर म्हणाले.

पडद्यावर रेघ सरकली, चढली, उतरली. मास्तर उभे राहिले. “बघ! डोंगर! तुझं यंत्र डोंगरच दाखवतंय की गं!” शेजारच्या टेबलावरचे दोघेजण हसले. एर्सिलिया हसली नाही. पोवळ्याची दोन मोठी शिखरं तिला अपेक्षेप्रमाणे दिसत होती. पण एका शिखराच्या कुशीला आणखी एक उंचवटा होता, जो तिथे नसायला हवा होता. तिने दुसरा मणी लावला. उंचवटा. गुलाबी टोकाकडचा लावला. तिथे तर मूळ शिखर बुटकं आणि उंचवटाच मोठा.

“काय झालं?”

“पोवळं खरं आहे, बाबा. पण वर काहीतरी आहे.”

“वर मादोन्ना आहे,” मास्तर म्हणाले आणि माळ पुन्हा खिशात घातली.

पुढचे काही दिवस एर्सिलियाने त्या उंचवट्याचं नाव शोधण्यात घालवले. पोवळ्याला फासायचे म्हणून जेवढे रंग ठाऊक आहेत तेवढ्यांच्या रेघा तिने शेजारी लावून बघितल्या. कपड्याचे रंग, मेणाचे रंग, बायकांच्या नखांचा रंग. एकही जुळला नाही. तो उंचवटा कारखान्यातला वाटत नव्हता. तो झाडापानांतला वाटत होता. आणि झाडापानांतला रंग दर्यातल्या पोवळ्यावर, बंद खोलीत, खिळ्यावर टांगलेल्या माळेवर कसा येईल? ती हुशार होती. जगातल्या चारशे शिंपल्यांचे रंग तिला माहीत होते. आपल्या घरात काय चालतं ते मात्र हुशार माणसाला दिसत नाही. तो त्यात लहानाचा मोठा झालेला असतो.

डिसेंबर लागला. मादोन्नाचा सण जवळ आला. चर्चमध्ये तिचा भलामोठा रथ उभारायला घेतला होता, आणि दरवर्षीप्रमाणे तो खांद्यावर घेणाऱ्यांची आधीच भांडणं चालली होती. मिकेलिनाने मुलीला फोन केला.

“उद्या थोरलीच्या तेलाचं आहे. मिरच्या तू येऊन घालतेस, की यंदा मीच घालू?”

मिकेलिनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“एर्सिलिया? गाडीत आहेस का?”

“आई,” एर्सिलियाने हळू आवाजात विचारलं, “आपण किती मिरच्या घालतो?”

“मूठभर. तुझ्या आजीची मूठ धर. का गं?”

हे तेल आजीपासूनचं. थोरलीकडे अख्खा गाव डोळे लावून बघतो. मग तिला दृष्ट लागणार नाही तर कुणाला? म्हणून सणाआधी ती उतरवायची, मातीच्या वाडग्यात ऑलिव्हचं तेल घ्यायचं, त्यात सुकलेल्या लाल मिरच्या कुस्करून घालायच्या, आणि माळ त्यात बुडवून ठेवायची. सण झाल्यावर काढून मऊ फडक्याने पुसायची. मिरच्या कुस्करायचं काम घरातल्या मुलीचं. एर्सिलियाने ते सातव्या वर्षापासून केलं होतं, आणि नंतर हात डोळ्याला लावून दरवर्षी रडलीही होती.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. पर्समध्ये कापूस आणि स्पिरिटची बाटली. मिकेलिनाने वाट न बघता मिरच्या घालून वाडगा तयार ठेवला होता. तेल लाल होऊन बसलं होतं, उन्हात छान दिसत होतं.

“थांब, आई. बाबा, इकडे या.”

तिने थोरलीच्या मधला एक मणी धरला आणि कापसाने चोळायला लागली. बराच वेळ. मास्तर मुलीकडे असे बघत होते, जणू ती आजोबांच्या फोटोवरची मिशी खोडतेय. कापूस केशरी झाला. तिने नवा बोळा घेतला. तोही झाला, मग कमी, मग नाहीच. तिने मणी उजेडात धरला.

तो लालच होता. सुंदर, खोल लाल. पण शेजारच्या मण्यांसारखा नव्हता. ती जी ऊब होती, ती कापसावर गेली होती.

“ती मिरची दृष्टीसाठी असते,” मास्तर म्हणाले. “रंगासाठी नाही.”

“मिरचीला ते कुणी सांगितलं नाही, बाबा.”

मास्तरांनी माळ हातात घेतली. खिडकीशी गेले. तो एक मणी त्यांनी, आयुष्यभर मणी फिरवत आले होते तसाच, फिरवला. त्या मण्यासारखी अख्खी माळ त्यांनी गेल्या महिन्यात या हातांवर धरली होती, आणि पाहुण्यांसमोर रंगवलेली म्हणून परत केली होती.

“वाटीतले,” त्यांनी मागे न बघता विचारलं, “इतक्या वर्षांचे. ते सगळे?”

“सगळे नसतील. काही रंगवलेलेही असतील.”

“आणि उजवीकडचे?”

एर्सिलिया केशरी बोळे गोळा करायला लागली. उत्तर द्यायची गरजही नव्हती. आमचे व्यापारी काही खुळे नव्हते. मास्तरांना कसला लाल आवडतो ते ते केव्हाच शिकले होते आणि पिशवी आणण्याआधी ज्याने त्याने आपापल्या मोरीत आपापल्या पद्धतीने मण्यांना ऊब देऊन ठेवलेली असे. म्हणजे ज्यांनी रंगवलं ते दर्याचे ठरले, आणि दर्यातून जसेच्या तसे आलेले वाटीत जाऊन यात्रेत प्लॅस्टिकशेजारी पडले. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात. इथे कुंपण शेताला प्रमाणपत्रंही देत होतं.

“मिकेलिना,” मास्तर म्हणाले, “दार लाव.”

मिकेलिनाने दार लावलं. मग ती पाव आणायला गेली, आणि बेकरीवालीला फक्त एवढंच म्हणाली की कुणाला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आले. पुढे लिबोरिओ. पोवळ्याच्या धंद्यात त्याचं नाव मोठं होतं आणि पोट नावाहून मोठं. मास्तर टेबलाशी बसून थोरलीचे मणी स्वतः चोळत होते. अर्धे झाले होते.

“मास्तर, थांबा हो! काय करताय? आपला लाल आहे तो. सगळ्या जगात तोर्रेचा लाल म्हणून चालतो.”

“मिरचीचा आहे.”

“असेना! गिऱ्हाईक माळ चावून बघतं का?”

“लिबोरिओ, ही इतकी वर्षं खोटं बोलत होती.”

“एकटी कुठे? आपण सगळेच तिच्याबरोबर बोलत होतो. सगळे मिळून एकच खोटं बोलले की त्याला प्रमाण म्हणतात, मास्तर. तुम्ही एकटे खरं बोलायला लागलात तर आमच्या तिजोऱ्यांतल्या मालाचं काय करायचं?”

“दर्याला विचार,” मास्तर म्हणाले आणि पुढचा मणी धरला.

लिबोरिओने दर्याला विचारलं नाही. त्याने घरी जाऊन नवी माळ ओवून घेतली. आणि त्याच्या बायकोने ती मिरच्यांच्या तेलात घातली, दृष्टीसाठी की कशासाठी ते आता कुणी विचारायचं नव्हतं. पिशव्या तिकडे जायला लागल्या. मास्तरांच्या पायरीवर कुणी उभं राहीना. पांढऱ्या कापडावर उजेड पडायचा, सरकायचा, निघून जायचा. मास्तर धुतलेल्या थोरलीकडे बघत बसायचे. आम्ही जाता-येता हळूच आत बघायचो आणि वाईट वाटल्याचा चेहरा करायचो. खरं तर बरं वाटत होतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या आयांच्या माळा त्या वाटीत गेल्या होत्या.

पण लग्न अजून तिथेच अडलेलं होतं. यंत्राने, कापसाने, स्पिरिटने जे सांगायचं ते सांगितलं होतं. ओलिंपियाने यातलं काहीच मागितलं नव्हतं. तिने मास्तरांचं तोंड मागितलं होतं. एर्सिलिया एकदाही “जा” म्हणाली नाही. रविवारी जेवायला यायची, गाजराचं नाव काढायची नाही. भांडायला काही उरलं नाही हे मास्तरांना जेवताना जाणवायचं, आणि शेवया ताटातच राहायच्या.

सणाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, बाजार माणसांनी तुंबला असताना, मास्तर लग्नाचा कोट घालून ओलिंपियाच्या गाडीशी आले. लोकांनी वाट दिली. वाट इतक्या पटकन दिली की सगळे त्याचीच वाट बघत होते हे उघड झालं.

ओलिंपिया नाकाड कापत होती. तिने मान वर केली नाही. “रांगेत या, मास्तर.”

मास्तर रांगेत उभे राहिले. पुढे दोन बायका आणि एक पोलीस. पोलिसाने आपला नंबर देऊ केला. ओलिंपियाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो परत घेतला. अखेर मास्तर पुढे आले.

“काय देऊ?”

“विहीणबाई, तुमची माळ…”

“अजून विहीण झाले नाही मी. काय माझी माळ?”

“दर्याची आहे.”

“मोठ्याने बोला. त्या लिंबाच्या टोपल्यांमागे एक म्हातारी आहे, तिला ऐकू कमी येतं.”

“दर्याची आहे!” मास्तर ओरडले. चाळीस वर्षांत कुणी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. “तुमच्या सासऱ्यांनी काढलेली. खरी. मी चुकलो. थंड माळ नव्हती, माझा डोळा तापलेला होता!”

“अस्सं.” ओलिंपियाने सुरी खाली ठेवली. “यंत्राने सांगितलं म्हणून म्हणताय, की मनाने?”

मास्तरांनी यावर विचार केला. ते त्यांचं मोठेपण म्हणा, नाहीतर वाईट सवय म्हणा. दुसरा कुणी असता तर “मनाने” म्हणून मोकळा झाला असता.

“यंत्राने सांगितलं तेव्हा नाही पटलं,” ते म्हणाले. “कापसाने पटलं. मनाचं अजून चाललंय.”

गर्दीत कुणीतरी हसलं. ओलिंपिया हसली नाही. पण तिने कागद घेतला, त्यावर पायाचे आणि नाकाडाचे तुकडे टाकले, लिंबू पिळलं, शिंग हलवून मीठ घातलं आणि तो कागद त्यांच्यासमोर धरला.

“खा. उभ्यानेच. मीठ बरोबर झालंय का सांगा.”

मास्तर खाऊ लागले. सगळा बाजार बघत होता. “ते मला विचारू नका,” घास गिळून ते म्हणाले. “जिभेचाही आता भरवसा नाही.”

आता ती हसली. मोठ्याने, गाडी हलेल इतकं. “सण झाला की रविवारी येते मी. माळ घेऊन. पण तुम्ही बघायची नाही. तुम्ही स्वयंपाकघरात बसायचं. तुमच्या भावाला बोलवा, तो म्हणेल काय म्हणायचं ते. त्याला चष्मा आहे ना जाड? तो चालेल.”

त्या रविवारी मास्तर स्वयंपाकघरात बसले. बाहेरच्या खोलीतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणाचं तरी खोकणं, ओलिंपियाचं “पाठ सरळ कर गं”, मग भावाचा आवाज, “दर्याची आहे,” आणि टाळ्या. मास्तर टाळ्या वाजवू लागले आणि थांबले, कारण त्यांना कुणी बघत नव्हतं. चुलीवर रस्सा खदखदत होता. त्यांनी आच कमी केली.

थोड्या वेळाने एर्सिलिया आत आली. माळ गळ्यात होती.

“बाबा, बघा.”

मास्तर उठले. माळ दोन बोटांनी धरून ते सवयीने मुलीला खिडकीकडे घेऊन गेले. त्या खिडकीपलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत आहे. तिथे कधीच ऊन येत नाही, डिसेंबरात तर नाहीच. मास्तर माळ हातात धरून उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं.

“इथे उजेड नाही,” ते म्हणाले.

“मग?”

“मग छान आहे.”